वास गेला म्हणजे रक्तात गुठळ्या होतायत का?

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. आईचं वय 54, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. पावसाळ्यात पाच-सहा दिवस ताप आला. ताप उतरला आणि वास पूर्ण गेला, त्याला तीन आठवडे झाले. तापाच्या चौथ्या दिवशी लॅबवाल्याने पॅकेजमध्ये ज्या तपासण्या केल्या, त्यात डी-डायमर (रक्त गोठल्याची खूण दाखवणारी तपासणी) 780 आला आणि प्लेटलेट 1 लाख 10 हजार. त्यांचं म्हणणं असं: "कोविडमध्ये वासही जायचा आणि रक्ताच्या गुठळ्याही व्हायच्या. मग आईच्या रक्तात गुठळ्या होत असतील का? वडिलांची इकोस्प्रिन 75 घरात आहे, ती आईला सुरू करू का?"

इकोस्प्रिन ही रक्त पातळ करणारी गोळी, तिचं आधी सांगतो. सुरू करू नका. त्याची कारणं पुढे येतीलच, पण बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

तुमची शंका मात्र वावगी नाही. एकाच विषाणूने दोन्ही गोष्टी केल्या, त्यामुळे त्यांचा एकमेकींशी संबंध असेल असं वाटणं साहजिक आहे. मी गेली कितीतरी वर्षं या भागात नाक-कान-घसा पाहतो. कोविडच्या दोन लाटांनंतर हा प्रश्न मला ओपीडीत वारंवार विचारला गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वास कळतो तो नाकाच्या शेंड्याशी नाही. दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या अगदी छताशी, एक लहानसं अस्तर असतं. त्यात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या, त्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या आधारपेशी असतात. चेतापेशींचे बारीक धागे वरच्या हाडातल्या भोकांतून मेंदूच्या तळाशी जातात आणि तिथल्या घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास घेणाऱ्या भागात, पोचतात. कोरोनाच्या विषाणूला पेशीत शिरायला एसीई-2 नावाचं प्रथिन लागतं. 2020 मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवलं की हे प्रथिन आधारपेशींवर आहे, वास ओळखणाऱ्या चेतापेशींवर नाही. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये कोविडने गेलेल्या रुग्णांच्या नाकातलं अस्तर मृत्यूनंतर लगेच काढून तपासलं, तेव्हा विषाणू सापडला तो आधारपेशींतच. 2022 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: आजूबाजूला जळजळ माजली की चेतापेशी जिवंत राहूनही वास पकडणारी प्रथिनं बनवणं बंद करतात.

म्हणजे वास जाण्याचं मुख्य कारण नाकाच्या अस्तरातच सापडतं. त्याला गुठळीची गरज नाही. रुग्णांच्या अनुभवाशीही हे जुळतं. 2020 मध्ये वास गेलेले बरेच जण दोन ते चार आठवड्यांत "डॉक्टर, आज चहाचा वास आला" म्हणत परत आले. आधारपेशी मेल्या तरी अस्तराच्या तळाशी नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, त्या अस्तर पुन्हा उभं करतात. घ्राणकंदाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडली असती, तर पंधरा दिवसांत वास असा परतला नसता. रक्ताअभावी मेलेला मेंदूचा भाग पुन्हा उगवत नाही.

जनुकांच्या अभ्यासातूनही हेच दिसतं. 2022 मध्ये मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासात कोविडमध्ये वास जाण्याशी जोडलेली जागा सापडली, ती यूजीटी2ए1 आणि यूजीटी2ए2 या जनुकांजवळ. ही जनुकं नाकाच्या अस्तरात काम करतात, वासाचे रेणू तिथून साफ करण्यात त्यांचा हात असतो. रक्तगट ठरवणारं एबीओ जनुक, ज्याचा गुठळ्यांच्या धोक्याशी संबंध फार आधीपासून माहीत आहे, ते कोविडची लागण होण्याच्या शक्यतेशी जोडलेलं निघालं. वास जाण्याच्या यादीत पुढे आली ती नाकातली जनुकं. माझ्या दृष्टीने हा बारकावा फार बोलका आहे.

आता गुठळ्यांकडे. रक्त का गोठतं याचं साधं उत्तर रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टराने 1856 मध्ये मांडलं आणि ते आजही टिकून आहे: रक्ताचा वेग मंदावणं, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचीच गोठण्याची ओढ वाढणं. गंभीर कोविडमध्ये तिन्ही एकदम घडायचं. रुग्ण दिवसेंदिवस पलंगावर, वाहिन्यांचं अस्तर सुजलेलं, आणि शरीराच्या संरक्षक पेशी इतक्या चवताळलेल्या की विषाणूला अडवताना त्या स्वतःच रक्त गोठवायला सुरुवात करायच्या. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या अतिदक्षता विभागांतले 184 रुग्ण पाहिले, त्यात 31 टक्क्यांना गुठळीशी संबंधित गुंतागुंत झाली होती.

पण हे रुग्ण कोण होते, तेही बघा. ते अतिदक्षता विभागातले, आणि वास गेलेले बहुतेक जण घरी बसलेले. युरोपातल्या 18 रुग्णालयांच्या एका अभ्यासात सौम्य आजार असलेल्या सुमारे 86 टक्के रुग्णांनी वास कमी झाल्याचं सांगितलं. मध्यम आणि तीव्र आजारात तेच प्रमाण 10 टक्क्यांच्याही खाली होतं. हा आकडा जसाच्या तसा घ्यायला मी तयार नाही, कारण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असलेल्या माणसाला कोण विचारतं वास येतो का म्हणून, आणि त्याला तरी त्याचं सुचतं कुठे. तरीही दिशा स्पष्ट आहे. वास जाणं हे गुठळीचं लक्षण असतं, तर वास गेलेले लोकच जास्त गंभीर व्हायला हवे होते. दिसलं त्याच्या उलट.

मग दोन्हींचा संबंध अजिबातच नाही का? तर आहे, दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण खुद्द घ्राणकंद. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी कोविडने गेलेल्या काही जणांच्या मेंदूचा सूक्ष्म तपास करून 2021 मध्ये मांडलं की घ्राणकंदातल्या आणि मेंदूच्या देठातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांना इजा झालेली होती. भिंती पातळ झालेल्या आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन बाहेर झिरपलेलं. विषाणू मात्र तिथे सापडला नाही. 2022 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने 23 मृतांच्या घ्राणकंदाची तुलना कोविड नसलेल्या 14 जणांशी केली. तिथेही वासाच्या धाग्यांची झीज आणि बारीक वाहिन्यांची इजा दिसली, आणि ज्यांचा वास गेला होता त्यांच्यात ती जास्त होती. म्हणजे ज्यांचा वास महिनोन् महिने परतत नाही, त्यांच्यापैकी काहींमध्ये बारीक वाहिन्यांचं नुकसान हा एक घटक असू शकतो. मला हे पटतं. पण हा तपास मृत रुग्णांचा आहे, त्यातले बरेच जण फार आजारी होते. घरी बऱ्या झालेल्या तुमच्या आईंच्या घ्राणकंदात हेच घडलंय असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि झिरपणारी वाहिनी म्हणजे बंद पडलेली वाहिनी नव्हे. झिरपणाऱ्या वाहिनीवर रक्त पातळ करणारी गोळी हा इलाज होत नाही.

दुसरं ठिकाण मात्र आपण मराठवाड्याने फार जवळून पाहिलं, आणि त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. 2021 चा एप्रिल-मे आठवा. कोविडमधून उठलेले, शुगर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेले रुग्ण नाक बंद, गाल बधिर, डोळा सुजलेला अशा अवस्थेत येऊ लागले. ही म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी काळी बुरशी. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तिच्यासाठी वेगळे वॉर्ड उघडावे लागले. अँफोटेरिसिन या बुरशीच्या औषधाच्या बाटल्यांसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरत होते. 20 मे 2021 ला केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं.

या बुरशीची चाल अशी. ती नाकाच्या अस्तरावर बसते आणि सरळ रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते. वाहिनीच्या आत गुठळी धरते. त्या वाहिनीवर जगणाऱ्या मांसाचं रक्त तुटतं आणि ते काळं पडतं. दुर्बीण नाकात घातली की पहिल्यांदा जाणवतो तो रंग. निरोगी अस्तर ओलं, गुलाबी असतं, हात लागला की रक्ताचा थेंब येतो. इथे आधी ते फिकट पडलेलं दिसायचं, मग राखाडी, मग काळी खपली; चिमट्याने ओढलं तरी रक्त नाही आणि रुग्णाला दुखत नाही. न दुखणं हीच भीतीची गोष्ट, कारण तिथली नसही गेलेली असते. बुरशी वर छताकडे गेली की वास जातो, बाजूला डोळ्यात जाते, मागे मेंदूच्या शिरांच्या जाळ्यात जाऊन तिथेही गुठळी करते.

नाक, वास आणि गुठळी या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच कारणाने भेटतात त्या इथे. आणि इथेही उपचार रक्त पातळ करण्याचा नाही. शुगर आटोक्यात आणायची, बुरशीचं औषध द्यायचं आणि मेलेलं मांस वेळेत काढून टाकायचं.

तुमच्या आईंना शुगर आहे, म्हणून हे लिहिलं. नुसता वास गेलाय, नाक मोकळं आहे, चेहरा दुखत नाही, तर ही शक्यता फार कमी. पण एका बाजूचा गाल बधिर किंवा दुखरा, नाकातून काळपट किंवा रक्ताळ पाणी, टाळूवर काळा डाग, दात हलायला लागणं, डोळा सुजणं किंवा एकाचे दोन दिसणं यातलं काहीही झालं, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा.

आता तो 780 चा आकडा. डी-डायमर म्हणजे गोठलेल्या रक्ताचे तुकडे पडताना उरणारा अंश. पण रक्त गोठणं आणि विरघळणं शरीरात रोज चालू असतं आणि कुठलाही ताप, न्यूमोनिया, मार, ऑपरेशन, गरोदरपण, कर्करोग यात हा आकडा वाढतो. या तपासणीचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे: ती नॉर्मल आली आणि लक्षणंही फारशी नसली तर गुठळी नाही म्हणता येतं. वाढलेली आली म्हणून गुठळी आहे असं म्हणता येत नाही. शिवाय रिपोर्टवर आकड्याच्या पुढचं एकक बघा. काही लॅब एफईयूमध्ये देतात, काही डीडीयूमध्ये, आणि पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. एफईयूमध्ये नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला 500 ही नेहमीची मर्यादा, आणि पन्नाशीनंतर वय गुणिले 10 धरतात. म्हणजे आईंसाठी 540. चौथ्या दिवशीच्या तापात 780 हा आकडा मला दचकवत नाही. आणि तापात कुणालाही सरसकट डी-डायमर करणं मला मान्य नाही, त्यातून घाबरण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

मला दचकवतो तो त्याच कागदावरचा दुसरा आकडा, प्लेटलेट 1 लाख 10 हजार. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात. पावसाळ्यातला ताप, उतरत्या प्लेटलेट, आणि आपल्याकडे घरोघरी पाण्याचे भरलेले रांजण-टाक्या. माझ्या मनात आधी डेंग्यू येतो. डेंग्यूची तपासणी झाली होती का, ते तुमच्या प्रश्नात नाही. डेंग्यूमध्ये ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून तापाला फक्त पॅरासिटामॉल. गावाकडे अजूनही ताप आला की कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोकतात. हे थांबायला हवं. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. प्लेटलेट कमी असताना डी-डायमरच्या भीतीने ती सुरू करणं म्हणजे नसलेल्या गुठळीसाठी खरा रक्तस्राव ओढवून घेणं. आता तीन आठवडे उलटलेत, तेव्हा आधी रक्तपेशी मोजणारी साधी सीबीसी तपासणी पुन्हा करा आणि प्लेटलेट वर आल्यात का बघा.

समजा तो ताप कोविडचा होता, तरी माझं उत्तर बदलत नाही. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत रुग्णालयात दाखल जवळपास 15,000 रुग्णांवर ॲस्पिरिन पाहिली. 28 दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत 17 टक्केच. गुठळ्या किंचित कमी झाल्या, मोठे रक्तस्राव तितकेच वाढले. घरीच बऱ्या होणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेत ॲस्पिरिन आणि अपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी, दोन्ही तपासल्या; मुळात गुठळ्याच इतक्या कमी झाल्या की चाचणी मध्येच थांबवली. दाखल झालेल्या, पण अतिदक्षतेत न गेलेल्या रुग्णांना हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा फायदा दिसला, तो त्यांच्यापुरता. वडिलांची इकोस्प्रिन वडिलांच्या हृदयासाठी आहे, ती त्यांनी चुकवू नये.

गुठळीची भीती कधी धरायची, तेही सांगतो. स्वीडनमध्ये दहा लाखांहून जास्त कोविड रुग्णांचा माग ठेवला, तेव्हा पायातल्या गुठळीचा धोका तीन महिने आणि फुप्फुसातल्या गुठळीचा सहा महिने वाढलेला दिसला. आजार जितका गंभीर तितका जास्त. तेव्हा एकाच पायाची पोटरी सुजणं, गरम लागणं, दाबल्यावर दुखणं. बसल्या जागी अचानक दम लागणं, खोल श्वासाला छातीत कळ, थुंकीत रक्त. किंवा कधी नव्हे असं दिवसेंदिवस वाढणारं डोकं दुखणं, उलट्या आणि धूसर दिसणं, यातलं काही झालं तर लगेच रुग्णालय. पायाची डॉपलर सोनोग्राफी किंवा छातीचा सीटी काढल्यावरच पायातल्या किंवा फुप्फुसातल्या गुठळीचं निदान होतं. वास येतो की नाही, याचा या निर्णयाशी काही संबंध नाही.

आता आईंच्या वासाकडे या, त्यांचा खरा त्रास तो आहे. आणि तो लहान नाही. येसराच्या आमटीला चव नाही, भाकरी करपली तरी कळत नाही, जेवणावरची वासनाच उडते. वास घरी तपासताना बाम किंवा अमोनिया वापरू नका. त्यांची झणझण चेहऱ्याच्या वेगळ्या नसेने कळते, वास पूर्ण गेलेल्यालाही "वास आला" असं वाटतं. डोळे मिटून, एक नाकपुडी दाबून, दुसरीशी दळलेली कॉफी किंवा ठेचलेली लवंग धरा, मग बाजू बदला. एकाच बाजूचा गेला असेल तर दुर्बिणीने तपासणी आधी. तिथे मास किंवा गाठ असू शकते.

दोन्हीकडचा गेला असेल तर वासाचा सराव सुरू करा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये हा मांडला, कोविडच्या कितीतरी आधी; सर्दी-फ्लूच्या विषाणूंनी वास जाणं तेव्हाही होतंच. चार वास: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. चारही आपल्याकडे किराणा दुकानात मिळतात. चार लहान बाटल्यांत कापसावर थेंब टाका, लवंग ठेचून ठेवा. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली पंधरा-वीस सेकंद हळूहळू हुंगायची आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. लिंबू हुंगताना नुसतं नाक नाही, मनही तिथे हवं. निदान तीन महिने. आईंसोबत घरातलं कुणी तरी बसा, एकट्याने माणूस आठवड्यात सोडून देतो. स्टेरॉइडच्या गोळ्या शुगर असताना मी देत नाही, कोविडनंतरच्या वासासाठी त्यांचा ठोस फायदाही दिसलेला नाही. नाकात लसणाचा रस, मोहरीचं तेल, कापराची पोटली यातलं काही नको. रसाने अस्तर भाजतं आणि उरलेल्या पेशीही जातात.

वास नाही तोवर घरात काळजी घ्या. गॅसला जो वास दिलेला असतो तो आईंना कळणार नाही, रात्री रेग्युलेटर बंद करायची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी. दूध, शिळी भाजी दुसऱ्याने हुंगून द्यावी. त्या शेतात जात असतील तर फवारणीच्या दिवशी त्यांना वावरात पाठवू नका, औषधाच्या वासाने सावध होण्याची सोय त्यांना सध्या नाही.

महिना-दीड महिन्यानंतर कदाचित आई म्हणतील की लसणाच्या फोडणीला, कॉफीला, कांद्याला सडका किंवा जळका वास येतोय. घाबरू नका, सराव थांबवू नका. नवे धागे वाढताना सुरुवातीला चुकीच्या जागी जोडले जातात, त्यामुळे असं होतं. तोवर ते पदार्थ टाळा, थंड करून खायला द्या, ताक-भात, फळं, दही यावर भागवा. वजन उतरू देऊ नका आणि शुगरच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या जाणार नाहीत हे बघा. तीन महिन्यांनी काहीच फरक नसेल तर रिपोर्ट घेऊन नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जा. दुर्बिणीने वरचा भाग पाहतील, लागला तर एमआरआय सांगतील. जाताना सीबीसी आणि तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीए1सी करून न्या. डी-डायमर पुन्हा करू नका.